ग्रुप ट्रिपचं ॲप करताय? आधी ट्रिप काढणाऱ्या माणसाकडं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजमधली शेवटच्या वर्षाची चौघांची टीम, प्रोजेक्ट म्हणून ग्रुपनं ट्रिप ठरवायचं मोबाईल ॲप करायचंय. त्यात चॅट, मॅप, हॉटेल बुकिंग, खर्चाची वाटणी आणि एआयनं बनवलेला प्लॅन असं सगळं घालायचंय. सुरुवात कुठून करायची, आणि व्हॉट्सॲप असताना लोक हे वापरतील का, असं विचारलंय.

मी गेली चौदा वर्षं मोबाईल ॲपचं डिझाइन करते, त्यातली सहा पुण्यात गेली, आता कोल्हापुरातूनच काम करते. प्रवासाच्या ॲपवर दोनदा काम केलंय, एकदा सपशेल फसलं आणि एकदा बरं चाललं, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी फसलेलं सांगते. पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही दिवसवार प्लॅनचा फार देखणा स्क्रीन केला होता. डावीकडं दिवस, उजवीकडं मॅप, ठिकाण बोटानं ओढून मंगळवारातून बुधवारात टाकायचं, अंतर आपोआप बदलायचं. दाखवला की सगळे खूश व्हायचे. आणि वापरात काय दिसलं, तर ग्रुपमधला एकच माणूस तो स्क्रीन उघडायचा, एकदाच उघडायचा, आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा. बाकीचे दहा जण ॲपकडं फिरकलेच नाहीत. चार महिने आम्ही ज्या अडचणीवर घालवले ती लोकांची अडचणच नव्हती. कुठं काय बघायचं हे लोकांना ठाऊक असतं, नसलं तर मिनिटात कळतं. ट्रिप अडते ती "कोण नक्की येणार, कधी जायचं आणि पैसे कोण भरणार" या तीन गोष्टींवर, आणि या तिन्हींचं ओझं एकाच माणसाच्या डोक्यावर असतं.

हे मला खरं कळलं ते माझ्या आईच्या वहीतून. आई मंगळवार पेठेतल्या भिशीच्या बायकांची दरवर्षी ट्रिप काढते, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, कधी गणपतीपुळे. सोळा-सतरा बायका, एक टेम्पो ट्रॅव्हलर. तिची शंभरपानी वही मी एकदा नीट बघितली. नाव, फोन, "उचल" म्हणजे ॲडव्हान्स किती आणि कधी दिला, उपास कुणाचा, गाडी लागते का (ज्यांना लागते त्या पुढच्या सीटवर), गुडघे दुखतात का म्हणजे तळमजल्याची खोली बघायची. "येणार का" असा कॉलमच त्या वहीत नाही! मी विचारलं तर म्हणाली, "अगं येणार सगळ्याच म्हणतात, पैसे दिले की येणार असं मी धरते." तुमच्या ॲपचा पाया या एका वाक्यात आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पहिला सल्ला, तुमचा मुख्य युजर म्हणजे ट्रिप काढणारा. बारा जणांचा ग्रुप धरला तर बाकीचे अकरा जण पाहुणे आहेत, त्यांच्याकडून ॲप इन्स्टॉल करून घ्यायचा हट्ट धरू नका. ट्रिप काढणाऱ्यानं ॲपमध्ये ट्रिप तयार करायची, लिंक व्हॉट्सॲपवर टाकायची, बाकीच्यांनी लिंक दाबली की साधं वेब पेज उघडायचं, तिथं नाव निवडायचं, उत्तर द्यायचं, संपलं. लॉगिन नको, ओटीपी नको. व्हॉट्सॲप असताना वापरतील का, याचं उत्तर इथंच आहे, व्हॉट्सॲपशी भांडायचंच नाही, त्याच्या आत राहायचं. चॅट तर अजिबात बनवू नका, लोक गप्पा मारायला दुसरीकडं येत नाहीत. पोल तर व्हॉट्सॲपनं २०२२ च्या शेवटी दिलाच आहे, पण तो पोल दुसऱ्या दिवशी दोनशे मेसेजच्या खाली जातो आणि ज्यानं उत्तर दिलं नाही त्याच्या मागं लागायला परत ट्रिप काढणाराच. ती पाठपुराव्याची जबाबदारी ॲपनं उचलली तर लोक वापरतील.

लिंकवरून आठवलं, जुने व्हिडिओ बघून फायरबेस डायनॅमिक लिंक्स (ॲपमधलं ठरावीक पान उघडणाऱ्या लिंक बनवायची गुगलची सेवा) वापरायला जाऊ नका, गुगलनं ती सेवा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केलीय. स्वतःचं डोमेन घ्या आणि अँड्रॉइडच्या ॲप लिंक्स (तुमच्या डोमेनची लिंक दाबली की सरळ ॲप उघडायची सोय) लावा.

आता ठरवण्याची प्रक्रिया. ग्रुपवर "कुठं जायचं?" असा मोकळा प्रश्न टाकला की काय होतं तुम्हाला ठाऊकच आहे. दोघंजण नऊ ठिकाणं सुचवतात, एकजण गोव्याचा फोटो टाकतो, बाकीचे "चालतंय की" म्हणतात. हे "चालतंय की" फार फसवं असतं. जेरी हार्वे नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९७४ मध्ये यावर लिहिलंय, स्वतःच्या घरातली गोष्ट, टेक्सासमध्ये कडक उन्हाळ्यात घरातली चार माणसं ॲबिलीन नावाच्या गावाला जेवायला जाऊन येतात, ८० च्या वर किलोमीटर एका बाजूला, एसी नसलेली गाडी, आणि परत आल्यावर कळतं की कुणालाच जायचं नव्हतं, प्रत्येकाला वाटलं बाकीच्यांची इच्छा आहे. आपल्याकडं तर हे जास्तच, कारण मोठ्या माणसानं ठिकाण सुचवलं की नाही म्हणणं जड जातं. त्यामुळं ॲपनं प्रश्न उलटा विचारावा. ट्रिप काढणारा तीनच पर्याय देईल (चौथा टाकूच देऊ नका), आणि प्रत्येकाला विचारायचं "यातलं कुठलं नको?" आणि कुणी काय नको म्हटलं हे नावानिशी दाखवायचं नाही. "नको" म्हणायला लोकांना एक खाजगी जागा लागते, ती दिली की खरं उत्तर येतं.

मतदानाचं पण एक गणित समजून घ्या. समजा तिघं आहेत. एकाला गोवा, मग गणपतीपुळे, मग महाबळेश्वर. दुसऱ्याला गणपतीपुळे, महाबळेश्वर, गोवा. तिसऱ्याला महाबळेश्वर, गोवा, गणपतीपुळे. आता दोन-दोनची तुलना करा. गोवा गणपतीपुळ्याला हरवतो, गणपतीपुळे महाबळेश्वरला आणि महाबळेश्वर परत गोव्याला, दोन विरुद्ध एक. काँडोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १७८५ मध्येच हे दाखवलंय, की प्रत्येकाची पसंती अगदी स्पष्ट असली तरी ग्रुपची पसंती गोल फिरत राहू शकते. म्हणजे "सगळ्यात आवडतं" ठिकाण शोधायच्या नादात पडण्यात अर्थ नाही. ज्याला ज्याला जे नको त्या सगळ्यांवर टिक करू दे, सगळ्यात कमी लोकांना खटकतं ते घ्या, आणि बरोबरी झाली तर ट्रिप काढणारा ठरवेल हे आधीच लिहून ठेवा. आणि मुदत! "गुरुवारी रात्री ९ पर्यंत" असं प्रत्येक प्रश्नावर घड्याळ पाहिजे, आणि उत्तर नाही आलं तर काय धरायचं तेही तिथंच पाहिजे. उत्तर नाही म्हणजे "मला काहीही चालेल". हे आधी सांगितलेलं असलं की नंतर रुसवेफुगवे होत नाहीत, निदान कमी होतात.

तारखांचं पण असंच. कधी जमेल विचारू नका, कधी जमणार नाही ते विचारा, कॅलेंडरवर बोट फिरवलं की तेवढे दिवस लाल. आणि त्या कॅलेंडरवर आपले दिवस छापा. अमावस्येला निघायचं नाही म्हणणारी माणसं प्रत्येक ग्रुपमध्ये दोन तरी असतात, संकष्टीला जेवणाचं वेगळं बघावं लागतं, श्रावणात निम्मे लोक मटण खात नाहीत त्यामुळं जेवणाचा सगळा बेतच बदलतो. परदेशी ॲपमध्ये हे कधी सापडणार नाही. तुम्ही इथं राहता, तुम्हाला न विचारता माहितेय, मग ते वापरा की.

बजेट विचारायचं तर तेही खाजगीत. ग्रुपवर कुणी "माझं बजेट २५०० च आहे" असं लिहीत नाही, तो माणूस गप्प बसतो आणि आदल्या दिवशी ताप आला म्हणून सांगतो. प्रत्येकाकडून वरची मर्यादा गुपचूप घ्या आणि ट्रिप काढणाऱ्याला फक्त एवढंच दाखवा की "३००० पर्यंत ठेवलं तर बाराही जण येऊ शकतात, ४००० केलं तर नऊ". कोण ते दाखवू नका. माझ्या मते तुमच्या अख्ख्या ॲपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ही असू शकते, कारण पैशामुळं मागं राहणाऱ्या मित्राला न ओशाळता बरोबर घेता येतं.

आता "येणार" या शब्दाकडं परत येऊ. आईची वही आठवा. ॲपमध्ये माणसाच्या तीनच अवस्था ठेवा: बघतो, येतोय, ॲडव्हान्स दिला. आणि गाडी, खोल्या, जेवण सगळ्याचा हिशोब फक्त तिसऱ्या अवस्थेतल्या डोक्यांवर. का ते आकड्यात सांगते. कोल्हापूर ते गणपतीपुळे आंबा घाटातून जाऊन येऊन साधारण ३०० किलोमीटर. पण बाहेरगावच्या भाड्याला बरेच गाडीवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, मुक्काम करून दोन दिवस म्हणजे ६०० चं बिल, गाडी प्रत्यक्षात कितीही फिरो. समजा रेट २५ रुपये (तुमच्या गाडीवाल्याचा विचारून घ्या, मी हिशोबापुरता धरलाय), तर १५,००० झाले, त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. बारा जणांत डोक्याला १२५०. ऐनवेळी तिघं गळाले की नऊ जणांत १६६७. राहिलेल्यांना चारशे रुपयांचा फटका बसला आणि त्यांची काहीच चूक नव्हती. हा आकडा स्क्रीनवर जिवंत पाहिजे, "आत्ता तुमचा वाटा १२५०, दोघं कमी झाले तर १५००". आणि गळाला तर ॲडव्हान्स परत मिळणार का, कधीपर्यंत मिळणार, हे ट्रिप तयार करतानाच एका ओळीत लिहायला लावा. त्या ओळीशिवाय लिंक तयारच होऊ देऊ नका. मी अशा नियमावरून पंधरा वर्षांची मैत्री तुटलेली बघितलीय.

गाडीचा फॉर्म करताना किमान किलोमीटर, रेट, भत्ता, टोल-पार्किंग धरून की वेगळं, राज्याबाहेर जायचं तर परमिट कुणाचं, आणि मीटर कुठून सुरू, गॅरेजपासून की आपल्या दारापासून, हे रकाने टाका. स्टेशन रोडला कुठल्याही ट्रॅव्हल्सवाल्याकडं अर्धा तास बसलात तर हे सगळं तो स्वतः सांगेल, आणि अजून चार गोष्टी सांगेल ज्या मला पण माहीत नसतील.

रेल्वेनं जायचं असेल तर वेगळीच गंमत आहे. आयआरसीटीसीवर एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे चौदा जणांची तीन तिकिटं, तीन पीएनआर, कदाचित दोन वेगळे डबे. त्यामुळं "ट्रिपचा पीएनआर" असा एकच रकाना ठेवलात तर तिथंच चुकलात, पीएनआर माणसाला चिकटवायचा. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. ॲपनं निघायच्या तारखेवरून मागं मोजून प्रत्येक कामाची मुदत काढावी. कोल्हापूरवरून हरिप्रियानं तिरुपतीला जाणारे ग्रुप घ्या. तिरुमलाचं ३०० रुपयांचं दर्शनाचं तिकीट ऑनलाइन साधारण तीन महिने आधी सुटतं आणि रेल्वेचं दोन महिने आधी, म्हणजे रेल्वेचं बुकिंग सुरू व्हायच्या महिनाभर आधीच नावं, वयं, ओळखपत्राचे नंबर पक्के पाहिजेत. जो ग्रुप "आधी ट्रेन मिळते का बघू" म्हणतो तो दर्शनाला चुकतो. कामाचा क्रम सांगणं, आणि "आज हे नाही केलं तर हे जाईल" असं बजावणं, यात ॲपचा खरा उपयोग आहे.

एसटीचं बघा. मार्च २०२३ पासून बायकांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ७५ वर्षांच्या वरच्यांना मोफत, ६५ ते ७५ ना अर्धं. म्हणजे एका बसमध्ये बसलेल्या सहा जणांचं भाडं तीन प्रकारचं असू शकतं, आणि तुम्ही "एकूण भागिले माणसं" केलंत की आजोबांच्या मोफत तिकिटाचे पैसे आजोबांकडूनच घेतल्यासारखं होतं. वाटणीचं सूत्र खर्चागणिक वेगळं लागतं, गाडीचं डोक्यावर, खोलीचं कुटुंबावर, मटणाच्या ताटाचं खाणाऱ्यांवर. तांबडा-पांढरा न पिणाऱ्याकडून त्याचे पैसे घेतले तर तो बोलणार नाही, पण पुढच्या वेळी येणार पण नाही. लहान मुलांना अर्धा वाटा, हे तर पहिल्या दिवसापासून पाहिजे.

हिशोबाबद्दल इथं माझं मत बऱ्याच डिझायनरपेक्षा वेगळं आहे. तुम्ही स्प्लिटवाइज बघितलं असेल, २०११ पासूनचं ॲप आहे, चांगलं आहे, त्यात देणी कमी करायची सोय आहे. म्हणजे मी तुझं देणं लागते, तू तिसऱ्याचं लागतोस, तर मी सरळ तिसऱ्याला देऊन टाकायचं. गणित सुंदर आहे, बारा जणांत कितीही गुंता असला तरी जास्तीत जास्त अकरा व्यवहारांत सगळं मिटतं. पण आपल्याकडं मी प्रत्यक्ष बघितलंय, एका काकूंना ॲपनं सांगितलं की अमकीला ३४० रुपये द्या, तर त्या चिडल्या, "मी तिच्याकडून कधी घेतलेच नाहीत, मी का देऊ?" त्यांचं बरोबर होतं, देणं म्हणजे नुसता आकडा नसतो, कुणाकडून घेतलं ती आठवण त्याला चिकटलेली असते. आपल्या तालमीत, मंडळात, भिशीत पिढ्यान्‌पिढ्या एक खजिनदार असतो, सगळ्यांनी त्याच्याकडं द्यायचं, तो देणाऱ्याला देणार. आणि गंमत बघा, बारा जणांत एक खजिनदार धरला तर बाकी अकरा जणांचा त्याच्याशी एक-एक व्यवहार, म्हणजे परत अकराच! अवघड अल्गोरिदम न लिहिता तेवढ्याच व्यवहारांत काम झालं, आणि प्रत्येकाला समजलं पण. कॉलेजच्या पोरांना कॉन्ट्री आणि टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) सवयीचं आहे, त्यांना स्प्लिटवाइजची पद्धत चालेल, पण सुरुवातीचं सेटिंग खजिनदाराचंच ठेवा.

पैसे मात्र ॲपमध्ये गोळा करू नका, लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेतले की रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात आणि तो विद्यार्थ्यांचा खेळ नव्हे. यूपीआयची लिंक बनवा ज्यात खजिनदाराचा आयडी, रक्कम आणि टीप आधीच भरलेली असेल, दाबलं की समोरच्याचं पेमेंट ॲप उघडतं. सगळी पेमेंट ॲप या लिंकला सारखी वागत नाहीत म्हणून शेजारी क्यूआर आणि आयडी कॉपी करायचं बटण ठेवा. आणि पेमेंट झालं की नाही हे तुमच्या ॲपला खात्रीनं कळत नाही हे लक्षात ठेवा, त्यामुळं "दिले" हे देणारा दाबेल आणि "मिळाले" हे खजिनदार दाबेल, दोन्ही झाल्याशिवाय हिरवं करायचं नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. रक्कम कायम पैशात, पूर्णांकात साठवा, दशांशात नको. १००० रुपये तिघांत ३३३.३३ होतात आणि एक पैसा उरतो, तो कुणाच्या नावावर टाकायचा ते कोडमध्ये ठरलेलं पाहिजे, नाहीतर शेवटी बेरीज जुळत नाही आणि बेरीज एकदा चुकलेली दिसली की त्या ॲपवर कुणी परत विश्वास ठेवत नाही. खर्चाची नोंद पुसू देऊ नका, चुकली तर खाली दुरुस्तीची नवी नोंद, वहीत खाडाखोड न करता खाली लिहितात तसं.

आणि ऑफलाइन. आंबोली, गगनबावडा, दाजीपूर, या बाजूला घाटात शिरलं की नेटवर्क जातंच. नेमका तिथंच चहा होतो, डिझेल भरलं जातं, खर्च होतो. त्यामुळं प्रत्येक नोंद आधी फोनमध्येच एसक्यूलाइटमध्ये (फोनमधला छोटा डेटाबेस) जाऊ दे, नोंदीचा युनिक आयडी फोनवरच तयार होऊ दे, रेंज आली की वर चढवा. आयडी फोनवर बनवला नाही तर अर्धवट नेटवर्कमध्ये एकच खर्च दोनदा चढतो, हे आमच्याकडं झालंय, २,२०० रुपयांचं जेवण ४,४०० झालं आणि रात्री हॉटेलवर त्यावरून दीड तास वाद. ड्रायव्हरचा नंबर, हॉटेलचा पत्ता, तिकिटं हे तर नेट नसताना उघडलंच पाहिजे.

पावसाचं पण धरा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी येऊन तो कित्येक दिवस बंद होता, जुलै २०२१ मध्ये परत तेच. जून ते सप्टेंबरमधली ट्रिप असेल तर "रस्ता बंद झाला तर काय" हा रकाना ॲपनं आपणहून पुढं करावा, पर्यायी रस्ता, पुढं ढकलायची तारीख, हॉटेलवाला ॲडव्हान्स सांभाळून ठेवतो का.

एआयचा प्लॅन शेवटी ठेवा, खरंच सांगते. मॅप म्हणतो अडीच तास, पण सतरा बायका घेऊन निघालं की एका चहा-बाथरूमच्या थांब्याला अर्धा तास जातोच, नाष्ट्याला तास, शिवाय कुणाला तरी घाटात गाडी लागते. एआय एका दिवसात सात ठिकाणं बसवतो, देवळाची बंद व्हायची वेळ कधी चुकीची सांगतो, आणि लोक त्यावर विश्वास ठेवून पोचतात. करायचंच असेल तर त्याला छोटं काम द्या, व्हॉट्सॲपवरचा लांबलचक मेसेज चिकटवला की त्यातून तारीख, हॉटेल, रक्कम वेचून फॉर्म भरून देणं, आणि माणसानं तपासून ओके करणं. थांब्यांचा वेळ मात्र साध्या गणितानं धरा, माणसं जितकी जास्त तितका वेळ जास्त.

ओळखपत्रांबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय. हॉटेलवाला सगळ्यांचे आधार मागतो आणि बारा जण आपापल्या आधारचे फोटो ग्रुपवर टाकतात, ते बाराही फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. तुमच्या ॲपमध्ये मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तोच घ्या, तो फक्त ट्रिप काढणाऱ्याला दिसू दे, आणि ट्रिप संपल्यावर आपोआप डिलीट. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा, ज्या कामासाठी माहिती घेतली ते झालं की ती ठेवायची नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट आहे. हॉटेलला परवाच्या दिवशी द्यायचा कागद तीन वर्षं सर्व्हरवर कशाला?

स्क्रीनबद्दल दोनच गोष्टी. मराठी आधी करा, इंग्रजी नंतर. देवनागरीला ओळीची उंची जास्त लागते, वेलांटी, रफार, उकार वरखाली कापले जातात, बटणावर "पाठवा" नीट बसतं पण "आमंत्रण पाठवा" फुटतं, त्यामुळं इंग्रजीत डिझाइन करून नंतर भाषांतर टाकलं की सगळं मोडतं. आणि आईच्या वयाच्या बायकांच्या फोनमध्ये अक्षर मोठं केलेलं असतं, अँड्रॉइड १४ मध्ये ते २०० टक्क्यांपर्यंत जातं, तसं करून बघा. बटणं ४८ डीपीपेक्षा (डीपी म्हणजे अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) लहान नकोत.

टेस्टिंग. पाच युजरवर चाचणी घेतली की बहुतेक अडचणी सापडतात असं जेकब निल्सन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञानं २००० मध्ये लिहिलं, ते तुम्हाला शिकवलं असेल. पण ते एकेकट्या माणसाबद्दल आहे. तुमच्या ॲपचं एकक एकटा माणूस नाही, ग्रुप आहे, त्यामुळं पंधरा सुटी माणसं शोधण्यापेक्षा तीन खरे ग्रुप शोधा ज्यांची ट्रिप खरंच ठरतेय, एक पोरांचा, एक भिशीचा, एक दोन-तीन कुटुंबांचा. प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी निदान १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात, म्हणजे एक ट्रिपचा ग्रुप आणि दोन आठवड्यांची तयारी, अगदी मापात बसतंय. आणि किती जणांनी डाउनलोड केलं ते मोजू नका, ठरवलेल्या ट्रिपांपैकी किती खरंच निघाल्या आणि ट्रिप काढणाऱ्याला किती वेळा "अरे कळवा की" म्हणावं लागलं ते मोजा.

पहिल्या महिन्यात कोड लिहू नका. पाच स्क्रीन कागदावर काढा: ट्रिप तयार करणं, पाहुण्याचं वेब पेज, कोण कुठल्या अवस्थेत, पुढची मुदत, हिशोब. ते घेऊन दोन ट्रिप काढणाऱ्यांच्या शेजारी बसा आणि त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांच्या परवानगीनं वर सरकवून बघा, कुठल्या प्रश्नाला किती दिवस उत्तर आलं नाही ते लिहून काढा. आईच्या भिशीची पुढची ट्रिप जानेवारीत आहे, अक्कलकोट-गाणगापूर, आत्तापर्यंत चौदा जणींनी उचल दिलीय. तिला मी विचारलंय, ती वही दाखवायला तयार आहे, फक्त दुपारी चारनंतर या म्हणाली, आणि कागदावरचे स्क्रीन अक्षर मोठं काढून आणा.